सत्तावन्न नंबरची नळी

नाशिकरोड,
गुरुवार, १२ जून २०२५

ती. सौ. सिंधुवन्सं यांस प्रतिभाचा सा. नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या सुनीलच्या हाती देते आहे. मी ठीक आहे. हे जाऊन सात महिने झाले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची पाळीची बस अजून पावणेसहाला येते, पण आपल्या दाराशी थांबत नाही. मी मात्र उठून डबा भरायला घेते आणि मग आठवतं. विरजण लावायचंही सोडलं. एकटीला दही संपत नाही, आंबून जातं. यंदा तुमच्याकडची कांद्याची गोणी आली नाही. एवढा कांदा खाणार कोण, म्हणा. पण वाट पाहिली.

दशक्रियेला तुम्ही चारचौघांत म्हणालात, "हिनं गोळ्या टाइमावर दिल्या नसतील, नाय तर असा स्टेंट बंद पडतो का?" वन्सं, एकही गोळी चुकली नव्हती. रिकाम्या पाकिटांची चळत अजून कपाटात आहे. तरी मी गप्प राहिले, कारण मनात सलणारी शंका सांगण्यापेक्षा तुमचा आरोप सोसणं सोपं होतं.

आज सांगते. रक्त गोठू नये म्हणून दिलेली ती गोळी पोटात गेली की शरीरानं तिचं औषध करावं लागतं. काहींच्या शरीराला ते जमत नाही. जनुकाच्या तपासणीत हे आधी कळू शकतं. डॉक्टरांनी दोन तपासण्या सांगितल्या. एक झटपट, तासाभराची, नेहमी आढळणारे दोन-तीन बदल तेवढे बघणारी. दुसरी अख्खं जनुक वाचणारी, तिला पंधरा दिवस. हे म्हणाले, "तू लॅबवाली, तू म्हणशील ती." मी झटपट म्हटलं. त्या मशीनवर मीच बसते ना! केवढा तोरा होता मला तिचा. रिपोर्ट नॉर्मल आला. खाली तपासणारी म्हणून माझी सही.

आता लॅबमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना चालू आहे. जुने नमुने दोन्हीकडून तपासायचे. नळ्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. साठांपैकी एकोणसाठ जुळले. सत्तावन्न जुळला नाही. झटपट तपासणी जिथं बघतच नाही, तिथं बदल निघाला. रजिस्टर मीच उघडलं. नाव निघालं ह्यांचं, शेखर. मशीनची चूक नव्हती. तिला तेवढंच दिसतं, हे मला ठाऊक होतं.

काल सुनीलचा फोन आला, "मामी, आईला सोमवारी स्टेंट टाकायचाय." वन्सं, तुम्ही ह्यांच्या सख्ख्या बहीण. तो बदल तुमच्यातही असेल, नसेलही. मोठ्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत दुसरी गोळी देता येईल का, हे पत्र दाखवून डॉक्टरांना विचारा. दोन्ही रिपोर्ट जोडले आहेत. माझी सही झाकू नका. नोकरीचं माझं मी बघेन.

शनिवारी पहिल्या एसटीनं लासलगावला येते, तुमचं रक्त घ्यायला. घरात बोलवू नका, चहा विचारू नका. ओट्यावर बसून हात तेवढा पुढं करा.

तुमच्या भावाची,
प्रतिभा