चहा सगळ्यांचा एकाच वेळी

जळगाव, सोम. ८ डिसेंबर
शेठनी पुण्याहून लीनचे, म्हणजे कारखान्यातला फापटपसारा काढायच्या पद्धतीचे, सल्लागार आणलेत. आज आमच्या चटईच्या कारखानाभर फिरले. मागांशेजारी प्लास्टिक पट्टीच्या बॉबिनांचा ढीग बघून म्हणाले, "हे वेस्ट." मग सगळे माग थांबवून होणारा चहा बघितला. "हेही वेस्ट. पाळीपाळीने प्या."
म्हटलं, साहेब, लीन मीही वाचलंय, सिस्टिम थिअरी त्याच्याआधी. त्यांनी डिग्री विचारली. नाहीच, तर काय सांगू. पण पुस्तकं विकत घेऊन वाचलीत, मागून आणलेली नाहीत.

बुध. १०
ढीग हलवला. माझा विरोध होता, मोठ्याने. आता पट्टी बनली की थेट मागावर. आणि दुपारीच दिसलं, एका बाजूने पट्टी जाड येतेय. ढिगात हे किती दिवस झाकलेलं असेल! साहेबांचं बरोबर. तोंडावर सांगितलं त्यांना.

शुक्र. १२
पाळीपाळीने चहा सुरू. माग चालू. शेठ खूश. मी नाही.

सोम. १५
काठ शिवणाऱ्या सुशीलाअक्का तणतणत आल्या. "नाना, बठ्ठी पट्टी कडक शे, सुया तुटी राहिन्यात. कोनले सांगू? भिंतले?" सगळीच पट्टी कडक, सुया तुटतायत.
सापडलं! चहाला अक्का मागवाल्यांना झापायच्या, मागवाले पट्टीवाल्यांना, आणि कप खाली ठेवायच्या आत कोणीतरी पट्टीच्या भट्टीची आच बदलायला उठायचं. पाळीपाळीच्या चहाने ती परतीची वाटच बंद केली. तीही कधी? ढीग काढल्यावर! आधी चूक ढिगात अडून राहायची, आता थेट अक्कांच्या सुईखाली. सिस्टिम थिअरी हेच सांगते: एक भाग सुधारला की बाकीचे हलतात. साहेबांचं लीन अर्धं आहे, चुकीचं नाही.

मंगळ. १६
हेच साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दोषासाठी फॉर्म आहे ना?"
अक्का मागून, "फॉर्मले चहा पाजू का?"
सगळे हसले, शेठ सोडून. "नाना, फार होतंय. धुळ्याचं गोदाम सांभाळता का? तिथे माग नाहीत. चहा हवा तेवढा." गुरुवारपर्यंत ठरवायचं: चहाबद्दल गप्प, नाहीतर धुळे.
घरी ही म्हणाली, "चहासाठी?" हो, चहासाठी. माग लावले तेव्हापासून त्यांच्यात आहे मी. गोदामात काय ऐकू? उंदीर?

गुरु. १८
चहाच्या वेळी घंटेचा टोल मीच दिला. सगळ्यांसाठी एकदाच. माग थांबले, पण जागचं कोणी हलेना. नजरा वरच्या केबिनकडे. मग अक्कांनी चष्मा काढला, पदर खोचला, येऊन बसल्या. "नाना, डावीकडली पट्टी आज बी..." पट्टीवाला तिथूनच ओरडला, "अक्का, तुमची सुईच बोथट!" झालं, बठ्ठे आले भांडायला.
साहेब दारात. मी कप पुढे केला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत. ऐकत राहिले.
केबिनचं दार वाजलं. शेठ जिना उतरत होते. माग चालू करायला कोणीतरी उठलं. म्हटलं, बसा. अक्कांचं बोलून व्हायचंय.