प्रिडी स्मृती पुरस्काराचा एकमेव उमेदवार

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
बाहेर तापमान उणे एकतीस. गाडी चालू झाली नाही. मूड मात्र उत्तम. स्फटिक आला! दोन वर्षं माझं प्रोटीन नुसतं गढूळ होत होतं. आज थेंबात लखलखीत, अणकुचीदार स्फटिक. प्रोटीनची रचना शोधणाऱ्या पीएचडीवाल्यांसाठी कै. डॉ. प्रिडींच्या नावाचा जो पुरस्कार आहे, तो यंदा माझा. सहावं वर्ष, शेवटची संधी. बरोबर वेळ साधली.

५ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरची नोएमी म्हणाली, ऑरेस्ट, आधी सुईनं टोचून बघ बाबा. कडकन तुटला तर मीठ, लोण्यासारखा दबला तर प्रोटीन. दोन मिनिटांचं काम म्हणे. मत्सर! इतक्या देखण्या वस्तूला सुई लावणारा मी नव्हे. संकल्प: नोएमीशी कामापुरतंच बोलणे.

९ फेब्रुवारी
अर्ज पाठवला. पहिल्याच पानावर स्फटिकाचा रंगीत फोटो. 'रचना जवळजवळ उलगडली' असं लिहिलं. खोटं नाही. 'जवळजवळ'ला काही मर्यादा नसते.
माझ्या गाइड लिंडक्विस्टबाईंचं शिफारसपत्र दोन ओळींचं. त्यातली एक, मी लॅबचा फ्रिज स्वच्छ ठेवतो याबद्दल. मोठी माणसं मोजकंच लिहितात.
आईला कळवलं. पुरस्कार प्रिडींच्या स्मृतिदिनाच्या जेवणात देतात; त्याला शेजाऱ्याच्या ट्रकमधून यॉर्कटनहून येते म्हणाली. अजून निकाल नाही म्हटलं, तर म्हणे, तू सांगितलंस ना, मग झालं.

२० फेब्रुवारी
स्फटिक सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे क्ष-किरणांच्या अजस्र यंत्रावर नेला, किरणांखाली ठेवला. प्रोटीन असेल तर पडद्यावर शेकडो ठिपके दाटीवाटीनं उमटतात. आमचे सात. लांब लांब. तिथला ऑपरेटर म्हणाला, साहेब, हे मीठ आहे, उकडलेल्या अंड्यावर घाला. पाणचट माणूस. किरणांतच काहीतरी बिघाड असणार.

२१ फेब्रुवारी
बाईंनी बोलावून घेतलं. अर्ज मागे घे म्हणाल्या. अरे, अशी चूक सगळ्यांकडून होते, पण प्रिडी सरांच्या नावाच्या पुरस्काराला मिठाचा फोटो नको. मी बाणेदारपणे नकार दिला. वैज्ञानिकाला कणा हवा.
नंतर जिन्यात अर्धा तास बसलो. बुटाची नाडी सुटली होती.

२ मार्च
मुदत संपली. नोएमी थीसिस देऊन बोस्टनला चालली, तिनं अर्जच केला नाही. ऑफिसातल्या डोरीनबाईंनी हळूच सांगितलं, यंदा एकच अर्ज आलाय हो. एकच! नवा कोट घेतला. भाषण तयार: नम्र, पण फार नाही.

१९ मार्च
सकाळी अकराला ईमेल. समितीनं यंदा पुरस्कार कुणालाही न देण्याचं ठरवलं आहे. म्हणजे मी कुणाकडूनही हरलेलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.
आई तोवर निघालेली. रस्त्यावर बर्फ, म्हणून फोन केला नाही. ती आली ती केस सेट करून, निळा ड्रेस घालून. स्मृतिदिनाच्या जेवणाला घेऊन गेलो. नव्वदीच्या प्रिडीआजी शेजारीच बसल्या होत्या. आईनं त्यांना सांगून टाकलं, तुमच्या मिस्टरांचं बक्षीस माझ्या ऑरेस्टला मिळालंय. आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना निकाल ठाऊक होता. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, फार चिकाटीचा आहे हो तुमचा मुलगा.
मला फार लाज वाटली. आईच्या कानात सांगितलं, मला मिळालेलं नाही. मग कोणाला, म्हणाली. कुणालाच नाही, म्हटलं. मग अर्ज तरी किती होते? एक, माझाच.
आई म्हणाली, एकटाच होतास, आणि तरी नाही?
हो, म्हणालो.