सतरा रुपयांचं झाड

नांदेड, शुक्रवार

रा. रा. अंबरीशराव, मुक्काम उदगीर, यांस रेणुकादास दाजीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडं सगळं खुशाल, म्हणजे तुमची ताई चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही आणि येत्या सोमवारी पालिकेचे लोक आमचा नळ तोडायला येऊन राहिले, एवढं सोडलं तर. फोनच केला असता, पण शंका फोनवर नीट मांडता येत नाही (आणि ताईचे कान तिखट).

घरपट्टीच्या बिलात खाली बारीक अक्षरांत 'वृक्षकर' असतो. (पाहिला नसेल तर उठून बघा, मी थांबतो.) मला सतरा रुपये लागले होते. सतरा रुपये काही जड नाहीत, पण आपलं झाड कुठलं हे कळायला नको का? पालिकेच्या खिडकीवर मलप्पा कारकून आहे, माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, सर, झाड तुमचं नसतंय, शहराचं असतंय. मग शहराचं दाखव म्हटलं, तर हसला. सतरा वजा करून बाकीचे घे म्हटलं, तर कॉम्प्युटर घेईना. म्हणून मी काहीच भरलं नाही. त्याला चार वर्षं झाली. दंडासकट चौतीस हजार झालेत.

या सोमवारी दारात हलगी वाजली. थकबाकीदाराच्या दारात वाजवतात तशी. ताईला वाटलं, वरात. मी वाजवणाऱ्या दगडोबाला चहा दिला आणि थकबाकी कमी असली तर हळू वाजवता का, हे विचारून घेतलं (न्हाई, सगळ्यांना सारखंच). जाताना त्यानं नळ तोडायची नोटीस दिली. तेव्हापासून ताईनं घागरी, पातेली, देवाचा गडवासुद्धा भरून ठेवलाय, आणि ती फक्त भांड्यांशी बोलते.

काल मलप्पा फाइल घेऊन आला. चला सर, झाड दाखवतो. मी चपला घातल्या, पाण्याची बाटली घेतली. तो मला फाटकाबाहेर घेऊन गेला आणि थांबला. अंबरीशराव, आपला लिंब. बुंध्यावर पांढऱ्या रंगात २१२ लिहिलंय, तो मी आजवर लाइटवाल्यांचा नंबर समजत होतो. याच सावलीत खुर्ची टाकून मी चार वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला वृक्षकराचा अन्याय समजावला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण फाइलीत लिहिलंय, लिंब पालिकेनं लावला. अहो, उदगीरहून एसटीत मांडीवर रोप घेऊन आलेले तुम्ही मला आठवता. मग झाड तुमचं असेल तर सतरा रुपये तुम्हाला मिळायला पाहिजेत का, हे मला जाणून घ्यायचंय.

तुमचा दाजी,
रेणुकादास

ता. क. 'लिंब मी लावला' असं बाँडपेपरवर लिहून पाठवा.

ता. क. २. सोबत चौतीस हजार जमले तर बघा. शंका राहिली तरी चालेल, नळ राहिला पाहिजे. ताईला कळवू नका.

ता. क. ३. अंबरीश, हे डिंक शोधायला गेलेत तोवर मी, ताई, लिहिते. पैसे पाठवू नको. माझी भिशी लागली, बुधवारी सगळं भरून आले. मलप्पाला मीच म्हटलं, सरांना एकदा झाड दाखव, न्हाईतर पुढच्या वर्षी परत हेच. पावती मिठाच्या बरणीखाली आहे, सोमवारपर्यंत त्यांना सांगणार नाही. बाँड तर मुळीच करू नको. तुझं रोप पंधरा दिवसांत वाळलं होतं. हे तेव्हा लातूरला ट्रेनिंगला होते. त्याच जागी पालिकेच्या माणसांनी दुसरं लावलं, पाणी मी घातलं. तू दरवेळी लिंब कसा आहे विचारतोस, मी चांगला आहे म्हणते. चांगलाच आहे. सावलीत बसायला ये. ह्यांच्यासमोर मात्र तो तूच लावलास.