त्याच्या हाताची चव

८ ऑक्टोबर, मंगळवार

आजचाही दिवस फुकट गेला. सकाळी सूप, दुपारी मऊ भात, संध्याकाळी बटाटा कुस्करून त्यात लोणी. हिनं चमचा तोंडाशी नेला आणि परत वाटीत ठेवला. "नंतर घेते." हिचं नंतर म्हणजे कधीच नाही, हे आता मला पाठ झालंय.

इंजेक्शनं संपली, रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं — "वजन भरलं की ऑपरेशनची तारीख देते. अशा अंगावर मी सुरी चालवणार नाही. आणि फार लांबवूनही चालणार नाही." म्हणजे सगळी मदार माझ्या स्वयंपाकावर! ज्या माणसाला लग्नानंतर साधा चहा करावा लागला नाही, तो मेहुणीला फोन करून विचारतो, गाजर शिजलं हे ओळखायचं कसं. जिवाचं रान केलंय. हिच्या समोर बसतो, हिनं खाल्ल्याशिवाय स्वतःच्या ताटाला हात लावत नाही, "एकच घास, माझ्यासाठी" म्हणतो. आज ही म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या ना. गार होतंय तुमचं."

मला गार चालतं.

९ ऑक्टोबर

मेहुणीनं परस्पर खोली घेऊन ठेवलीय. त्या टीव्हीवरच्या शेफचं गावाबाहेर गेस्टहाऊस आहे ना, तिथं. "ताई तिथं जेवेल, भाऊजी. मोठमोठी माणसं त्याच्या हातचं खायला जातात. आणि तुम्हालाही जरा विश्रांती."

मोठमोठी माणसं! मी काय हिला भुसा घालतोय?

पण हिनं स्वतःहून कपाट उघडून बॅग काढली. किती दिवसांनी! मी तोंड मिटून माझे शर्ट दिले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पोचलो. दगडी घर, मागे टेकडी, पुढे तळं. खोलीत टीव्ही नाही. पाण्याला काचेचा जग. सवयीनं उचलून उजेडात धरला — बुडाशी हवेचा बुडबुडा. आमच्या कारखान्यात पास झाला नसता. बाटल्या तपासण्यात माझा जन्म गेला. पट्ट्यावरून एकेक बाटली येते, मागे दिवा असतो, तडा असो की बुडबुडा, माझ्या नजरेतून सुटत नाही. हिला म्हटलं, "बघ, एवढं नाव आणि जग असला." ती म्हणाली, "पाणी गार आहे ना? झालं तर."

बल्लवाचार्य स्वतः दारात आले होते. आजपासून त्याला हेच नाव. माणूस माझ्याच वयाचा, पण केस सगळे जागेवर. हिला विचारलं, "काय आवडतं तुम्हाला?" ही म्हणाली, "आता काहीच नाही." तर म्हणतो कसा, "उत्तम. मग माझं काही चुकणार नाही." आणि ही हसली. चांगली खळखळून. हिला हसवायला मी गेले कित्येक महिने घरात विदूषक झालोय, तेव्हा नाही हसली.

जेवणाची तऱ्हा वेगळीच. टेबलं सगळी लांब खिडकीला लावलेली, खुर्च्या एकाच बाजूला. सगळ्यांनी बाहेर तळ्याकडे तोंड करून जेवायचं, वर्गात शिक्षा झाल्यासारखं. त्यात जोडप्यांना वेगळं बसवतात! ही त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मध्ये इतकी डोकी की हिचा नुसता कोपर दिसत होता. मी उठून सांगितलं, बायको आजारी आहे, मला तिच्यासमोर बसायचंय. बल्लवाचार्य म्हणाला, "समोर इथं कुणीच बसत नाही, साहेब. एवढा एकच नियम आहे माझा."

माझ्या शेजारी एक टोपीवाला. प्रत्येक पदार्थाचा आधी फोटो, मग डोळे मिटून "आहाहा." मी काय खाल्लं, आठवत नाही. मान लांब करकरून तो कोपर हलतो का, तेवढंच बघत होतो.

जेवणं झाल्यावर मुद्दाम हिच्या खुर्चीमागून गेलो. वाटी रिकामी. पावाच्या तुकड्यानं पुसून घेतलेली!

१३ ऑक्टोबर

आनंद व्हायला हवा. झालाही. काल रात्री खोलीत येऊन तोंड धुतलं तेव्हा डोळे भरून आले होते, हे खरं.

पण मग पोटात दुखायला लागलं. इथं नाही लिहिणार तर कुठं? माझ्याकडून एक चमचा जात नाही आणि ह्याच्या घरची वाटी पुसून खाते. त्यानं काय केलंय हिच्यासाठी? हॉस्पिटलच्या बाकावर तो बसला होता? उलटीचं भांडं त्यानं धुतलं? आयत्या बिळावर नागोबा.

आज नाश्त्याला हिनं अंडं खाल्लं. पाव आणखी मागून घेतला. तळ्याकाठी फिरताना म्हणाली, "त्याच्या हाताला काही वेगळीच चव आहे हो."

"असेल," म्हटलं.

"तुम्हाला नाही आवडलं?"

"ठीक आहे. मीठ जरा जास्त."

मीठ अगदी बरोबर होतं. दाढी करताना आरशात उगाचच डोक्यावरून हात फिरवला. ह्या वयात, बायको आजारी असताना, मी एका स्वयंपाक्याच्या केसांवर जळतोय. पण जळतोय, त्याला काय करू!

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज हात दाखवून अवलक्षण केलं. तळपायाची आग मस्तकात गेलीय, पण क्रमानं लिहितो.

सकाळी ही उन्हात खुर्ची टाकून बसली होती. मी सरळ ह्याच्या मुदपाकखान्यात शिरलो. म्हटलं, गुपित काय ते बघूच. बल्लवाचार्य उपड्या खोक्यावर बसून गाजरं सोलत होता. टीव्हीवर दिसतो तसा नव्हता. पायात साध्या रबरी चपला.

"हिच्या सूपमध्ये काय घालता?"

"गाजर, कांदा, पाणी, मीठ."

"आणि?"

"आणि काय? आजारी बाई आहे."

"मीही तेच घालतो. माझं खात नाही ती."

त्यानं सोलणं थांबवून माझ्याकडे बघितलं. "घरी तिच्यासमोर बसता?"

"मग काय पाठ करून बसू?"

 त्यानं सुरी माझ्याकडे सरकवली. "आजचं सूप तुम्ही करा. सगळ्यांचं. भांडं ते तिथं."

मलाही त्याची जिरवायची हौस! केलं. मेहुणीनं फोनवर शिकवलं तसंच. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं तर शहाणा म्हणतो, "इथं येतंच सगळ्यांना." गाजर शिजलं का, हे बोटानं दाबून बघितलं. शेवटी त्यानं चमचाभर चाखलं. मला वाटलं, आता हा ह्यात काहीतरी टाकणार, आपली जादू. काही नाही टाकलं. वर एक पानसुद्धा नाही. "मीठ बरोबर आहे," म्हणाला आणि भांडं वाढायला दिलं.

दुपारी माझ्या शेजारच्या टोपीवाल्यानं माझ्या सूपचा फोटो काढला! वरून म्हणाला, "साधेपणातच खरी कमाल असते. ह्याला वर्षानुवर्षांची साधना लागते." मी म्हटलं, "लागत असेल."

हे सगळं गोड वाटत होतं. त्या टोकाला कोपर खालीवर होताना दिसत होता. मनात म्हटलं, आता कळेल हिला. पहिल्याच चमच्याला ओळखेल. रोजचंच सूप आहे.

नंतर खोलीत आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "आजचं सूप सगळ्यांत छान होतं. मी दोनदा घेतलं. खरंच, देवाने हात दिलेत त्या माणसाला."

माझं सूप. त्याच्या नावावर. आणि मी तिथं उभा, अंगाला अजून कांद्याचा वास. आता मी नक्की कुणावर जळायचं? स्वतःवर?

१५ ऑक्टोबर

आज सांगणार होतो. नाही सांगितलं. ही सकाळपासून इतकी खुशीत आहे.

निघताना बल्लवाचार्यानं हिच्या हातात गाजरांची जुडी दिली. माझ्याशी नुसता हात मिळवला. गाडीत बसून लिहितोय, ही अजून निरोप घेतेय. बाकी उद्या घरून लिहीन.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल वाटेत राहवलं नाही. ही अजून त्याचंच कौतुक करत होती — पाव असा, सूप तसं. मी गाडी चालवता चालवता म्हणालो, "सोमवारचं सूप मी केलं होतं."

"काहीतरीच."

"विचार त्याला. गाजरं त्याची, बाकी सगळं माझं. घरी रोज करतो तेच. घरी तू त्याला तोंड लावत नाहीस आणि तिथं दोनदा घेतलंस. त्याच्या नावावर चव लागते, माझ्या नावावर नाही. एवढंच समजायचं ना मी?"

आवाज चढला होता माझा, हे इथं कबूल करतो. ही खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, रडतेय. पण बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"तिथं मला कुणी बघत नव्हतं हो. घरी मी चमचा उचलला की तुमचा श्वास थांबतो. मी गिळलं की तुम्ही सुटता. नाही गिळलं की तुमचा चेहरा पडतो. प्रत्येक घासाला मला आधी तुमचा चेहरा बघावा लागतो. मी जेवू की तुम्हाला सांभाळू?"

मी उगाचच गिअर बदलला.

"तुमच्या त्या बाटल्यांसारखं वाटतं मला. मागे दिवा लावलेला आणि तुम्ही तडा शोधताय."

आधी रागच आला. जीव काढून करायचं आणि वर हे ऐकायचं.  पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा हिनं माझ्यासाठी चहा आणला, मी तो तसाच हातात धरून उभा होतो. "गार होतोय," ही म्हणाली. प्यायलो.

आज दिवसभर स्वयंपाकघरात गेलो नाही. शेजारणीनं डबा दिला होता. हिनं थोडं खाल्लं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. विचारायचं नाही, हे फार अवघड आहे.

१७ ऑक्टोबर

त्यानं दिलेल्या गाजरांचं सूप केलं. वाटी हिच्यापुढे ठेवली. माझी खुर्ची उचलून खिडकीकडे वळवली, ताट मांडीवर घेतलं आणि जेवायला लागलो. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती, तिच्याकडे बघत. बराच वेळ मागे काहीच नाही. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज. मग परत.

मग हिचा आवाज — "मीठ कमी पडलंय."

वळलो नाही. हात मागे करून मिठाची डबी दिली.