देवळीतलं ताट

१४ मे १९८९, उमरगा

आले बाई एकदाची सासरी. कळंबपासून इथवर ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून, गळ्यात हार, तोंडावर वारा. वऱ्हाड मागं हौद्यात. धाकटी सुंद्रा रडून बेजार झाली. एका अंथरुणात वाढलो आम्ही बहिणी. मी मात्र टिपूस काढलं नाही. उमरगा काय लंकेत आहे?

हे, म्हणजे महारुद्र, सहकारी कारखान्याची साखर हैदराबादला, मुंबईला पोचवतात. धाकटे दीर बलभीमभावजी त्याच ट्रकवर असतात. सासरे नाहीत. सासूबाईंना, कस्तुराबाईंना, आत्याबाई म्हणायचं. दुष्काळानं गावाला टँकरचं पाणी, तरी त्यांनी माझ्या पायांवर भरली घागर ओतली. दहावी पास सून आणली म्हणून गल्लीत मिरवत होत्या.

१७ मे

घर माळवदाचं, गार आहे. चुलीशेजारच्या देवळीत ह्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा असतो. दुसऱ्या भांड्यांत मिसळायचा नाही, घासायचाही वेगळा. आत्याबाई त्यात भाकरी वरूनच टाकतात. काय बाई लाड लेकाचे, अशी चेष्टा केली, तर त्या हसल्या नाहीत.

हे फार वाळलेत. तोंड आलंय, तिखट सोसत नाही. ढाब्यावरचं खाणं, दुसरं काय! मी दूधभाकरी कुस्करून देते. स्वभावानं गरीब आहेत. माझ्याकडं बघतात अन् डोळे भरून येतात. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

२५ जून

दोन आठवडे मी तापानं फणफणले. अंगावर पुरळ, गळ्याला गाठी. उठले तर देवळीत दोन ताटं, दुसरं माझं. आत्याबाई म्हणाल्या, नवराबायकोची जोडी आहे, शेजारी शेजारी शोभते. शेजारच्या धुरपताबाई बसायला आल्या, पण माझ्या हातचा चहा तसाच ठेवून गेल्या. मी काय विष कालवलं होतं?

९ ऑगस्ट

ह्यांच्या अंगात त्राण नाही, ट्रक भावजी एकटेच नेतात. आज खोदखोदून विचारलं, तेव्हा रडत सांगितलं.

मागच्या वर्षी मुंबईत जोडीदार ड्रायव्हरला अपघात झाला, त्याला ह्यांनी रक्त दिलं. दवाखान्यानं परत बोलावून सांगितलं की रक्तात एड्स आहे, औषध नाही, लग्न करू नका. ह्यांनी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं ताट वेगळं केलं अन् स्थळं बघायला घेतली. घरात बायको आली की पोरगा रस्त्यावरच्या बायकांचा नाद सोडेल अन् रोगही जाईल, असा तिचा हिशेब.

म्हणजे ताट वेगळं, अन् अंथरूण माझं! तांब्या उचलून भिंतीवर फेकला मी.

१२ ऑगस्ट

इथल्या डॉक्टरांकडं एकटी गेले. ते म्हणाले, ताटातनं, तांब्यातनं लागत नाही. रक्तातनं, सुईतनं, नवराबायकोच्या संगतीतनं लागतो, आईकडनं पोटातल्या लेकराला लागतो. आधी मोठ्या शहरांतल्या त्या बायकांत सापडला, मग ड्रायव्हर लोकांत. आता घरोघरच्या बायका येतील म्हणाले. मी म्हटलं, पहिली आली बघा. माझं रक्त मुंबईला पाठवणार आहेत.

घरी येऊन सगळी ताटं एका पाटीत घासली अन् एकाच मांडणीवर लावली. आत्याबाई दिवसभर उपाशी राहिल्या. राहा म्हटलं! ह्यांच्यावरचा राग मरेपर्यंत जाणार नाही, पण माणसाला वरून तुकडा टाकायचा नाही माझ्यासमोर.

१८ ऑक्टोबर

देवळीत पुन्हा ताटं. तीन.

तिसरं बलभीमभावजींचं. तेही वाळलेत. त्यांचंही तोंड आलंय. माझ्या रक्ताचं मुंबईहून अजून काही कळलं नाही.

२ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं की भावजींची सुपारी. मुलगी — सुंद्रा. माझी सुंद्रा.

आत्याबाई परस्पर कळंबला जाऊन ठरवून आल्या. मी म्हटलं, आधी भावजींचं रक्त तपासा. त्या शांतपणे तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "परक्याची पोर आणली तर बोभाटा करंल. ही तुझी भैन हाय. तू बोलणार न्हाईस."

म्हणून सुंद्रा. माझ्यामुळं सुंद्रा.

बोलणार नाही? ओळखलंच नाही अजून मला.

६ नोव्हेंबर

कळंबच्या एसटीत बसले होते. भावजींनी दंड धरून खाली ओढलं. लोकांना म्हणाले, वहिनीचं डोकं फिरलंय. कुणी जागचं हललं नाही. बांगड्या फुटल्या, हाताला रक्त — माझं मीच पुसलं. कुणाला हात लावू दिला नाही.

घाबरले मी. लिहायला लाज नाही. घाबरले, तरी पुन्हा जाणार.

१२ नोव्हेंबर

कणगीच्या खोलीत कोंडलंय. बाहेरनं कडी.

दादा आलेत, माझे वडील. सुपारी इथंच फोडणार. आत्याबाई त्यांना सांगताहेत, केशरला कावळा शिवलाय, बाजूला बसलीय. आता दादा विचारायचे नाहीत. बाप कसा विचारेल —

हे दाराशी आले. म्हटलं, तुम्ही सांगा दादांना. "आईपुढं तोंड उघडत न्हाई माझं," म्हणाले. गेले.

ओरडले. बाहेर बँड लावलाय.

छताला उजेडासाठी सवणं, भोक आहे. कणगीवर चढलं की हात पोचतो. माती पडतीय — निघेन मी. माळवदावरनं अख्ख्या गल्लीला ऐकवणार. लाज लपवणाऱ्याला, मला कशाची?

बँड थांबला. आता बसतील पाटावर. ऐनवेळी रडू नये म्हणून बोलायचं ते एकदा लिहिते —

दादा, मी केशर. सुपारी फोडू नका. माझ्या नवऱ्याला एड्स आहे. मलाही झाला असेल. ह्यांनी ठाऊक असून —

कडी वाजतीय. वाजू दे.

दादा, सुंद्राला घरी न्या. आधी बलभीमचं रक्त