उघडण्याचं कारण

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. खोलीला मोठी खिडकी आहे आणि घरमालक कमी बोलतो. आणखी काय हवं! ताईला फोन केला. म्हणाली, ठोंब्या, आधी पडदे लाव, नाहीतर सगळी गल्ली तुझा भोकं पडलेला गंजीफ्रॉक बघेल. रविवारी येते म्हणाली.

आमची कंपनी सुरक्षा खात्याची ठेकेदार. लोकांचे फोन, निरोप, येणं-जाणं, सगळं आमच्या यंत्रांत येऊन पडतं. माझं काम यंत्रं नीट चाललीत ना, एवढंच बघण्याचं.

५, बुधवार

आज कंपनीच्या वकीलबाईंनी आम्हा नव्यांना कायदा समजावला. हसतमुख बाई, चहात बिस्कीट बुडवत बोलतात. म्हणाल्या, साठवलं म्हणजे पाहिलं नव्हे. माणसाने फाइल उघडली, की मग कायद्याने पाहिलं. तेव्हा कारण नोंदवायचं, आणि चौकशी संपेपर्यंत ती फाइल बंद होत नाही. सरकारी माणूस चुकला तर खातं पाठीशी राहतं. ठेकेदाराचा चुकला तर तो आणि त्याचं नशीब. एकाने विचारलं, घरी बोललं तर? बाई म्हणाल्या, तुरुंग. आणि दुसरं बिस्कीट घेतलं.

१०, सोमवार

ताई काल आलीच नाही. काम आहे म्हणाली, पण आवाज काहीतरी लपवल्यासारखा होता. तो डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला आणि मी तिची फाइल उघडायला घेतली. कारण निवडल्याशिवाय उघडेना. यादीत ‘बहिणीची काळजी’ असं काही नव्हतं. ‘संशयास्पद हालचाल’ निवडलं.

त्या क्षणी ती कापडाच्या दुकानात होती. शिंप्याला तिने निरोप पाठवला होता, त्यात माझ्या खिडकीचं माप. भावाला कळू देऊ नका, त्याच्या वाढदिवसाला पडदे द्यायचेत.

स्क्रीन मिटवली, पण फाइल उघडीच राहिली.

११, मंगळवार

ताईचा फोन. काल दुकानात कापड बघताना मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवला म्हणे. वळून पाहिलं तर कुणी नाही. मी विचारलं, केव्हा? म्हणाली, जेवायच्या वेळेला. मी म्हणालो, पंखा असेल.

१३, गुरुवार

ताईच्या फाइलला मी पुन्हा हात लावलेला नाही. तरी पाहणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे. आत्ताही.

वकीलबाईंना आडून विचारलं, एखाद्याने चुकून उघडली तर? म्हणाल्या, ‘चुकून’ हे कारण यादीत नाही. पुसली तर? पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, माझ्या भावाची अजून उघडी आहे. बिस्कीट चहात तुटून पडलं, त्यांनी काढलं नाही. भाऊ कुठे असतो, ते मी विचारलं नाही.

१५, शनिवार

ताईकडे कुणीतरी असतं. स्वयंपाकघरात. जिन्यात. काही करत नाही म्हणे, नुसतं बघतं. मला म्हणाली, चार दिवस राहायला ये ना रे. मी कामाचं निमित्त सांगितलं. खरं सांगितलं तर तुरुंग— म्हणजे मला. तिला नव्हे. भीती माझी, आणि श्वास तिच्या मानेवर.

१६, रविवार

सांगणार. होईल ते होईल.

फोन लावला. माझ्या आधी तीच हसली. ठोंब्या, दाराच्या भिंगातून दिसतोयस की! फोन कसला करतोस, बेल वाजव. पडदे तयार आहेत.

मी माझ्या खोलीत आहे. टेबलाशी. हातात ही वही—

ओरडलो, ताई, तो मी नाही, उघडू नकोस. तिला थट्टा वाटते आहे.

कडी काढल्याचा आवाज. किती वेळ उभा आहेस रे, ये आत—

आणि फोनमधून माझाच आवाज, अगदी शांत, तिला कारण सांगतो आहे, ‘संशयास्पद हाल—