सहा चादरींचा सोलर

२८ नोव्हेंबर, सकाळी ७
उत्कर्षा आज दवाखान्यातून घरी येणार. मुलगी झाली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना मुक्काम, शेवटी बारसंही इथेच. आनंद आहे. पण विजेचं काय? मागच्या महिन्यात शेजारच्या शिवयोगीचे एकशे चाळीस युनिट, आमचे एकशे छप्पन. हे त्याने फाटकात उभं राहून हसत सांगितलं. मी विचारलेलं नसताना. तेव्हापासून तो दिसला की माझं डोकं उठतं.

संकल्प: या थंडीत पन्नासच्या आत. गिझरचा फ्यूज काढून कपाटात ठेवला, किल्ली जानव्याला. गॅसवर पाणी तापवायलाही बंदी. गच्चीवर सोलर आहे, सोलापुरात ऊन आहे, आणखी काय हवं? मालती म्हणाली, अहो, घरात बाळंतीण आहे. मी म्हटलं, म्हणूनच शिस्त हवी.

३० नोव्हेंबर
पारा अकरावर. सोलरच्या टाकीला हात लावून पाहिला. बाहेरून गार. म्हणजे ऊब कुठेतरी निसटते. निरोप समारंभात मिळालेल्या सहाही चादरी बाहेर काढल्या. दोन टाकीला, चार काचेच्या नळ्यांवर, सुतळीने घट्ट. पस्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. ऊब कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवू नये.

मालतीने विचारलं, दिवसा काढायच्या ना? दिवसा काढल्या तर रात्रभर धरून ठेवलेली ऊब उडून जाणार. बायकोला एवढंही कळत नाही.

३ डिसेंबर
पाणी गार. कारण सापडलं. शिवयोगीचा कडुलिंब. सकाळी नऊ ते सव्वादहा त्याची सावली आमच्या सोलरवर पडते. मुद्दाम लावलाय. झाड चाळीस वर्षांचं आणि सोलर चार वर्षांचा आहे, पण या लोकांचा डाव लांबचा असतो.

५ डिसेंबर
कुंपणाशी भांडण. फांद्या छाटा, नाहीतर अर्ज करीन, असं सुनावलं. शिवयोगी म्हणाला, झाड वडलांनी लावल्यालं हाय सर, अन् तुमच्या त्या चादरी हायत की... मी तिथेच तोडलं. विषय झाडाचा आहे, झाडावर बोला. तो घरात निघून गेला. मुद्देसूद बोललं की हे होतं.

८ डिसेंबर
विजय! त्याने माणूस लावून माझ्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. त्याची बायको दाक्षायणी ओसरीत डोळ्याला पदर लावून उभी होती. नाटकं. फांद्या त्यांनी परसात रचून ठेवल्या.

पाणी अजून गार. झाडाचा परिणाम जायला चार-पाच दिवस लागणारच.

१० डिसेंबर
बाळाच्या खोलीत शंभरचा बल्ब दिवसरात्र जळताना सापडला. विचारलं तर म्हणे ऊब राहते. काढून घेतला. बाळाला टोपडं आहे, झबलं आहे, आई आहे. आम्ही चार भावंडं बल्बवर वाढलो नाही. उत्कर्षाने माझ्याकडे बघितलं. बाळाला कुशीत घेतलं. तिला पटलं.

मी दोन ब्लँकेटं आणि रग घेऊन झोपतो. माझं वय आहे.

१४ डिसेंबर, सकाळी ८
न्हाणीघरातून वाफा! बाळाला आणि बाळंतिणीला चांगलं कडकडीत पाणी मिळतंय, कडुलिंबाच्या पाल्याचा वासही येतोय. सोलर सुरू झाला. मी म्हटलंच होतं. मालतीला म्हटलं, बघा. ती म्हणाली, हो हो, बघितलं.

नंतर मी गेलो तर नळाला बर्फ. बायका सगळं संपवतात. माझी अंघोळ तूर्त तहकूब. ९ तारखेपासून तहकूबच आहे.

१७ डिसेंबर
हुकूम काढला: माणशी अर्धी बादली. बाळाचं नाक चोंदलंय. उत्कर्षा म्हणाली, खोली गार पडते बाबा, रात्री तिचे पाय थंड होतात. मी मीटर बघून आलो. बावीस युनिट. तिला आकडा सांगितला. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बरं केलं, दार लावलं की ऊब राहते.

१९ डिसेंबर
भयंकर शोध. पहाटे मागच्या भिंतीपाशी दाक्षायणी उभी, हातात वाफाळती बादली. भिंतीवरून मालतीने घेतली. दहा दिवस हेच चाललंय! त्यांच्या परसात तांब्याचा बंब आहे. त्यात मी उतरवायला लावलेल्या फांद्या जळतायत. पाल्याचा वास तिथून यायचा.

मालतीला फितूर म्हणालो. दाक्षायणी भिंतीपलीकडून म्हणाली, लेकराला गार पाण्यात घालू का मग, तुमीच सांगा की. मी सांगितलं, आमच्या घरात तुमचं पाणी चालणार नाही. बादली परत दिली.

२१ डिसेंबर
जावई आला. पुण्याहून, गाडी घेऊन, न कळवता. उत्कर्षाने बोलावलं होतं. हृषीकेश सोलर दुरुस्त करणाऱ्या अझरुद्दीनला घेऊन सरळ गच्चीवर गेला. मीही गेलो, सावलीचा मुद्दा समजावायला. अझरुद्दीनने सुतळी कापली, चारही चादरी उचलल्या. मग हळूच विचारलं, चच्चा, फिर धूप अंदर कां से आती?

शिवयोगी त्याच्या गच्चीवर होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आत बाळंतीण माहेरातून निघाली. मालतीही तिच्याबरोबर. दाक्षायणीने ओटी भरली, बाळाची दृष्ट काढली. गाडीत बसताना उत्कर्षा म्हणाली, बाबा, सहातली एक चादर तिला दिली असती तरी चाललं असतं.

मला फार राग आला. कोणाचा, ते अजून ठरत नाही.

२२ डिसेंबर
पाणी उकळतंय. हात घालवत नाही. अंघोळ केली. चादरी धुऊन वाळत टाकल्या. सहाच्या सहा.

३ जानेवारी
काल बारसं पुण्यात झालं. नाव ज्ञानदा. फोनवर दाखवलं, बाळ झोपलं होतं.

आज मीटर रीडिंगवाला आला. छत्तीस युनिट! संकल्प पार पडला, म्हणून शिवयोगी ऐकेल अशा बेताने फाटकात उभा राहिलो. त्या माणसाने आकडा दोनदा तपासला आणि विचारलं, काका, महिनाभर घर बंद होतं का?

मी हो म्हणालो.